रमाबाईंचे पत्र आणि आमची मंडळी

भीमेला पूर आला म्हणजे अफजलपूर तालुक्यातील नदीकाठच्या गावांचे नित्याचे व्यवहार थांबतात. बाजार भरत नाही, बस येत नाही, आणि ज्या पाळकसाहेबांकडे चारपाच गावांच्या मंडळ्या सोपविलेल्या असतात त्यांनाही वेळेवर पोहोचता येत नाही. अशाच एका रविवारी आम्ही एका गावच्या लहानशा मंडळीत उपासनेस बसलो होतो. चाळीसएक माणसे जमली होती. घंटा झाली, दोन गीते झाली, प्रार्थना झाली, आणि मग सर्वांच्या ध्यानात आले की आज वचन सांगावयास कोणी नाही.

मागच्या बाकावरून एक तरुण म्हणाला, "बाई आहेत की. त्यांनाच दोन शब्द सांगू द्या." बाई म्हणजे तेथील शब्बाथशाळेच्या शिक्षिका. वीस वर्षांहून अधिक काळ त्या मुलांना शिकवीत आल्या आहेत. त्या दिवशीचा पाठ त्यांनी तयार करून आणला होता. मुलांना दाखवावयाची चित्रे त्यांच्या पिशवीत होती. परंतु वडीलमंडळींपैकी एकजण उठून म्हणाले, "स्त्रीने पुरुषांस शिकवू नये असे शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे." त्यावर कोणी काही बोलले नाही. एका तरुणास स्तोत्र वाचावयास सांगितले, प्रभूची प्रार्थना झाली, आणि लोक घरोघर गेले. ज्या तरुणाने स्तोत्र वाचले त्याला पवित्र शास्त्र वाचावयास त्या बाईंनीच शिकविले होते.

आम्ही पुढच्या बाकावर बसलो होतो. आमचीही गणना वडीलमंडळींत होते. आम्हीही गप्प राहिलो.

संध्याकाळी आम्ही बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, मी रागावले नाही. पण एक विचारते. हीच मुले दहा वर्षांची होती तेव्हा मी सांगितलेले वचन त्यांना चालत होते. आता त्यांना मिशा फुटल्या म्हणून तेच वचन बाटले का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. घरी आल्यावर आम्ही पंडिता रमाबाईंचा पत्रसंग्रह काढला, कारण असाच एक प्रश्न त्यांनी १८८५ साली एका पत्रात विचारला होता असे आम्हांस आठवले. ते पत्र आम्ही पुन्हा वाचले, आणि वाचकांपुढे त्याचा विचार मांडावा असे वाटले.

पत्रामागील हकीगत

रमाबाईंचे चरित्र आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातच, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. स्त्रीला देवभाषा शिकविली म्हणून शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला, आणि त्यांनी शास्त्रांच्याच आधारे आपली बाजू मांडली. लक्ष्मीबाईंनी पुढे मुलीला शिकविले. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील व बहीण वारली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. पदरी दहा महिन्यांची मनोरमा होती.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघात त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकीचा अभ्यास करावा अशी त्यांची इच्छा होती, परंतु कानांनी साथ दिली नाही. मग त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात राहून शिकू लागल्या व संस्कृत शिकवू लागल्या. तेथील मुख्याध्यापिका मिस डोरोथिया बील या मोठ्या मनाच्या शिक्षिका होत्या.

येथेच प्रश्न उपस्थित झाला. रमाबाईंसारखी विदुषी जवळ आहे, तर तिने काही तरुण पुरुषांनाही शिकवावे, अशी कल्पना निघाली. रमाबाईंची तयारी होती. परंतु चर्चच्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. ज्या बिशपांना हिंदुस्थानचा अनुभव होता, मुंबईचे आणि लाहोरचे, त्यांचे मत विचारण्यात आले, आणि ते प्रतिकूल पडले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांनीही तोच सल्ला दिला. या सिस्टर रमाबाईंच्या आध्यात्मिक माता. रमाबाई त्यांना पत्रांत मराठीतून 'आजीबाई' म्हणत. म्हणजे हा शत्रूंशी झालेला वाद नव्हे. जिने बाप्तिस्म्यासाठी हात धरून नेले त्या आजीबाईशी झालेला हा वाद आहे, आणि म्हणूनच तो आपल्याला वाचावयास कठीण जातो. शत्रूला 'नाही' म्हणणे सोपे असते.

ही पत्रे सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून ठेवली व एकत्र केली. पुढे १९७७ साली ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली, प्रसिद्ध केली. आपल्याला न आवडलेली पत्रेही त्या सिस्टरने फाडली नाहीत, हे तिच्याविषयी पुष्कळ काही सांगते.

बिशपांचे म्हणणे

ज्याच्याशी आपला मतभेद आहे त्याची बाजू प्रथम त्याच्या बाजूने समजून घ्यावी, हा न्याय आहे. बिशपांचे म्हणणे साधारण असे की हिंदुस्थानातील लोक स्त्रियांच्या मर्यादेविषयी फार कडक आहेत. रमाबाई परत जाऊन आपल्या देशभगिनींत काम करणार. त्यांनी इंग्लंडात परपुरुषांना शिकविले ही बातमी तिकडे पोहोचली तर लोक बोट दाखवतील, त्यांच्या शब्दाला मान राहणार नाही, आणि सुवार्तेच्या कार्याला अडथळा येईल. तेव्हा त्यांच्याच हितासाठी त्यांनी हे करू नये.

हा विचार मूर्खपणाचा नाही. तो करणारे लोक दुष्टही नव्हते. आमच्या वडीलमंडळींतील ज्या गृहस्थांनी त्या रविवारी आक्षेप घेतला तेही दुष्ट नाहीत. मंडळीच्या छपरासाठी त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले आहेत. चांगली माणसे चांगल्या हेतूने कोणाची वाट अडवतात, तेव्हाच विवेकाची खरी परीक्षा होते.

रमाबाईंचे उत्तर

रमाबाई त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या होत्या. परक्या देशात, परक्यांच्या आश्रयाने राहत होत्या, आणि दोनएक वर्षांपूर्वी शिकावयास घेतलेल्या इंग्रजी भाषेत लिहीत होत्या. त्यांच्या त्या काळच्या पत्रांत तीन मुद्दे आम्हांस दिसतात. ते आम्ही आमच्या शब्दांत मांडतो.

पहिला मुद्दा साधा वस्तुस्थितीचा आहे. मिस बील यांना लिहिताना त्या आश्चर्य व्यक्त करतात की माझ्या आईने किंवा मी तरुण पुरुषांना शिकविले याबद्दल ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली, ना माझ्या पतीने, आणि आता काही इंग्रज मंडळी मात्र ती घेत आहेत! या एका वाक्यात केवढा टोला आहे पहा. हिंदुस्थानातील लोक काय म्हणतील हे हिंदुस्थानातल्या बाईला समजावून सांगितले जात होते. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांपुढे उभे राहून परीक्षा दिली, पुण्यात सरकारी कमिशनपुढे साक्ष दिली, तिला सांगण्यात येत होते की तुझ्या देशात हे चालत नाही. 'लोक काय म्हणतील' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा लोकांना विचारलेलेच नसते. आपल्या मनातली भीती आपण लोकांच्या तोंडी घालतो.

दुसरा मुद्दा विवेकबुद्धीचा. सिस्टर जेराल्डीन यांना मे १८८५ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्या स्पष्टपणे म्हणतात की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे. देवाने जे करण्याचे सामर्थ्य मला दिले आहे त्याचा विचार मी स्वतः केला पाहिजे आणि ते मी स्वतः केले पाहिजे. येथे कोणी म्हणेल, हा तर अहंकार झाला. परंतु त्यांचे म्हणणे 'मला वाटेल ते मी करीन' असे नाही. देवाने दिलेल्या देणगीचा हिशेब मला द्यावयाचा आहे, तो माझ्या वतीने दुसरा कोणी देणार नाही, असे ते आहे. तालंतांचा दाखला आठवावा (मत्तय २५). ज्या चाकराने आपले नाणे जमिनीत पुरले त्याने 'मी भ्यालो' अशी सबब सांगितली. 'दुसऱ्याने मला पुरावयास सांगितले' अशी सबब त्याने सांगितली असती तर धन्याने ती मान्य केली असती काय?

तिसरा मुद्दा अधिकाराचा, आणि तो आपल्या मंडळ्यांस सर्वांत झोंबणारा आहे. त्या लिहितात की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे हे खरे, परंतु पाळकांच्या किंवा बिशपांच्या मुखातून निघणारा प्रत्येक शब्द मानण्यास मी बांधलेली नाही. स्वदेशातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे. तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची माझी तयारी नाही. देवाच्या आज्ञेपुढे मात्र त्या मान लववितात. देवाची आज्ञा कोणती आणि देवाच्या नावाने दिलेली माणसाची आज्ञा कोणती, एवढेच त्यांना वेगळे करून पाहावयाचे होते.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे असेच एक जोखड टाकून ख्रिस्ताकडे आले. विहिरीवर पाणी भरू नये, देवळाची पायरी चढू नये, शास्त्र ऐकू नये, असे त्यांना सांगितले गेले होते, आणि तेही शास्त्राच्याच नावाने. 'तुला अधिकार नाही' हे शब्द आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. तेच शब्द आपण आपल्या बायकामुलींना ऐकवू लागलो तर आपण कशातून सुटलो?

आणखी एक पत्र

रमाबाईंच्या पत्राशेजारी ठेवून वाचावे असे एक जुने अमेरिकन पत्र आहे. १७७६ सालच्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेला ॲबिगेल अ‍ॅडम्स या बाईने आपले पती जॉन अ‍ॅडम्स यांना ते लिहिले. पती फिलाडेल्फिया येथे होते. इंग्लंडच्या राजापासून स्वतंत्र व्हावे की नाही याचा खल तेथे चालला होता, आणि पुढे ते त्या देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. ॲबिगेलबाई घरी मुले आणि शेतीवाडी सांभाळीत होत्या. त्यांनी लिहिले की तुम्ही नवे कायदे कराल तेव्हा स्त्रियांची आठवण ठेवा, तुमच्या पूर्वजांपेक्षा त्यांच्याशी अधिक उदारपणे वागा, आणि नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. पतीने उत्तरात ही गोष्ट हसण्यावारी नेली.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. जे लोक आपल्यासारख्याच माणसांना गुलाम करून ठेवतात त्यांचे स्वातंत्र्यप्रेम खरे असेल काय, अशी शंका बाईंनी व्यक्त केली, आणि तिच्यासाठी त्यांनी प्रभूच्या त्या नियमाचा आधार घेतला की लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे आपल्याला वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे (मत्तय ७:१२). म्हणजे त्या बाईंना दिसले की स्वतःसाठी स्वातंत्र्य मागणारा मनुष्य दुसऱ्याला ते देताना मूठ आवळतो. हा दोष एका देशाचा किंवा एका काळाचा नाही.

ॲबिगेलबाईंच्या पत्रानंतर एकशेदहा वर्षांनी, १८८६ साली, रमाबाई अमेरिकेत गेल्या. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभासाठी. म्हणजे ते पत्र ज्या नगराला गेले होते त्याच नगरात एका मराठी मुलीला पदवी मिळताना दुसरी मराठी बाई पाहत होती. रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या, आणि १८८९ साली त्यांनी अमेरिकेविषयीचे आपले मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. तेथील स्त्रियांच्या स्थितीविषयी त्यात त्यांनी विस्ताराने लिहिले आहे. परंतु त्या देशातील स्त्रियांनाही मताचा हक्क घटनेने मिळाला तो १९२० साली, ॲबिगेलबाईंच्या पत्रानंतर एकशेचव्वेचाळीस वर्षांनी. हसण्यावारी नेलेली गोष्ट किती पिढ्या मागे पडते पहा.

आपल्या मराठी मंडळ्यांचे या अमेरिकन स्त्रियांशी जुने नाते आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फरार १८२७ साली एकट्या, अविवाहित अशा, मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या. जोतीराव फुले यांनी १८४८ साली त्यांची शाळा पाहिली, आणि मुलींची शाळा काढण्याच्या त्यांच्या निश्चयास त्यातून बळ मिळाले. एका स्त्रीच्या कामापासून एक पुरुष शिकला. त्याने त्याचे काही बिघडले नाही, आणि महाराष्ट्राचे कल्याण झाले.

शास्त्र काय सांगते

आता शास्त्राकडे वळू, कारण त्या रविवारी शास्त्राचेच नाव घेतले गेले. तीमथ्याला पहिले पत्र, अध्याय २, ओवी १२ : स्त्रीने शिकवावे व पुरुषावर अधिकार चालवावा हे पौल संमत करीत नाही. ही ओवी आहे, आणि ती आपण पुसून टाकू शकत नाही. ती आपल्याला अडचणीची वाटते म्हणून वगळणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

परंतु एक ओवी घेऊन बाकीच्या वगळणे हाही प्रामाणिकपणा नव्हे. त्याच पौलाने करिंथकरांस लिहिताना (१ करिंथ ११:५) स्त्री मंडळीत प्रार्थना करते व संदेश देते हे गृहीत धरून तिच्या मस्तकावरील आच्छादनाविषयी सांगितले. तिने बोलावे की नाही हा तेथे वादच नाही. इफिस येथे अपुल्लोस हा मोठा वक्ता आला, तेव्हा प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक बरोबर समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये १८:२६). पत्नीचे नाव तेथे आधी आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो. ते पत्र रोमला तिनेच नेले असे पुष्कळ विद्वान मानतात. जुन्या करारात दबोरेने इस्राएलाचा न्याय केला (शास्ते ४), आणि नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा योशीया राजाची माणसे त्याचा अर्थ विचारावयास हुल्दा संदेष्ट्रीकडे गेली (२ राजे २२). आणि पुनरुत्थानाची पहिली वार्ता कोणाकडे सोपविली गेली? मग्दालीया मरीयेकडे. प्रभूने तिला शिष्यांकडे पाठविले. त्या सकाळी ते शिष्य 'स्त्रीकडून आम्ही ऐकणार नाही' असे म्हणून बसले असते तर?

मग तीमथ्याला लिहिलेल्या त्या ओवीचे काय? तिच्या आधीची ओवी पहावी. तेथे स्त्रीने शिकावे असे सांगितले आहे. ज्या काळी यहूदी असो की ग्रीक, स्त्रीने धर्मशास्त्र शिकावे ही अपेक्षाच फारशी नव्हती, त्या काळी हे मोठे पाऊल होते. आणि त्या मंडळीत खोटे शिक्षक घरात शिरून अज्ञान स्त्रियांना भुलवीत होते असे दुसऱ्या पत्रातून दिसते (२ तीमथ्य ३:६). जो शिकला नाही त्याने शिकवू नये, हा धडा तेथे आम्हांस दिसतो. तो पुरुषांनाही लागू आहे. सर्व विद्वान असेच म्हणतात असे नाही. प्रार्थनापूर्वक वेगळे मत धरणारे बंधू आहेत, आणि त्यांचा आम्ही आदर करतो.

परंतु एक गोष्ट त्यांनीही ध्यानात घ्यावी. ज्या तीमथ्याला ती ओवी लिहिली गेली त्याचा विश्वास कोठून आला? आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापासून, असे पौलच सांगतो (२ तीमथ्य १:५). इफिसच्या मंडळीचा तो पुढारी दोन बायकांनी घडविला. बाईंचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. तीमथ्य मोठा झाला त्या दिवशी आजीचे वचन बाटले काय?

दुर्बळ बंधूचा प्रश्न

आक्षेप घेणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा अजून राहिला आहे. ते म्हणतील, हक्क असला तरी दुर्बळ बंधूला अडखळण होऊ नये म्हणून हक्क सोडावा, असे पौल सांगतो (रोम १४, १ करिंथ ८). मंडळीत चार माणसांना दुःख होणार असेल तर बाईंनी गप्प बसणे हीच प्रीती नव्हे काय?

यावर आम्ही पुष्कळ विचार केला. पौलाच्या चरित्रातील दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे उत्तर सापडते. यहूदी लोकांसाठी त्याने तीमथ्याची सुंता करविली (प्रेषितांची कृत्ये १६:३). परंतु तीताच्या बाबतीत, जेव्हा काहींनी आग्रह धरला, तेव्हा तो घटकाभरही वश झाला नाही (गलती २:३-५). कृती एकच. एकदा केली, एकदा नाकारली. कारण पहिल्या वेळी ती प्रीतीने दिलेली सवलत होती, आणि दुसऱ्या वेळी ती तारणाची अट म्हणून लादली जात होती. सवलत देणारा स्वतः देतो. दुसऱ्याने त्याच्या खिशात हात घालून काढून घेतली तर ती सवलत राहत नाही.

रमाबाईंच्या आयुष्यात हे दोन्ही दिसते. ख्रिस्ती झाल्यावरही त्या शाकाहारी राहिल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले तेव्हा तेथील विधवांना आपापले आचार पाळण्याची त्यांनी मुभा ठेवली. दुसऱ्यांच्या मनासाठी त्यांनी पुष्कळ सोडले. पण जेथे 'हे तुझ्या स्त्रीपणाला शोभत नाही, देवाची तशी आज्ञा आहे' असे म्हटले गेले तेथे त्यांनी मान डोलावली नाही.

आणि दुर्बळ बंधूविषयी बोलताना आपण दुर्बळ भगिनीला विसरतो. त्या रविवारी चाळीस माणसांत बारातेरा वर्षांच्या मुली होत्या. त्यांनी काय शिकून घेतले? आपल्या बाईंना एवढे वचन येते, तरी त्यांच्या तोंडून ते ऐकण्यापेक्षा उपाशी घरी जाणे मंडळीला बरे वाटते, हे त्यांनी पाहिले. त्यांच्यासाठी ती अडखळण नव्हती काय?

'गावातले लोक काय म्हणतील' असेही कोणी म्हणेल. पण गावातले लोक पुढे गेले आहेत. १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना निदान एकतृतीयांश जागा राखीव आहेत. गावोगाव बायका ग्रामपंचायतीच्या अध्यक्षपदी बसतात आणि पुरुष त्यांच्यापुढे अर्ज घेऊन जातात. दवाखान्यात डॉक्टरीणबाई, शाळेत शिक्षिका, बँकेत अधिकारी. चर्चच्या दारातून आत गेल्यावरच आपल्याला त्यांचा आवाज जड वाटावा, हे कसे? इतर मंडळ्यांनीही पावले उचलली आहेत. मेथॉडिस्ट पंथाने १९५६ साली स्त्रियांना पाळकपणाचे पूर्ण हक्क दिले. दक्षिण भारत मंडळीत १९७६ पासून स्त्रियांना पाळकपणाची दीक्षा मिळू लागली, आणि २०१३ साली तेथे एक भगिनी बिशप झाली.

शेवटी

रमाबाई पुढे केडगावला मुक्तिसदनात गेल्या. शेवटची वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात घालविली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. साध्या बायकांना समजेल अशी भाषा त्यांनी वापरली, आणि मुक्तीच्या मुलींनी ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. त्याआधी ते काम त्यांनी संपविले होते. ज्या स्त्रीने पुरुषांना शिकवावे की नाही यावर बिशप खल करीत होते, तिने मूळ भाषांतून शास्त्र उतरून मराठी माणसांच्या हाती दिले. ते उघडून वाचणारा प्रत्येक पुरुष तिच्यापासून शिकतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आमच्या भागाशीही त्यांचे नाते आहे. १९१२ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, त्यांनी ख्रिस्ती हायस्कूल सुरू केले, आणि मनोरमाबाई तेथे मुख्याध्यापिका झाल्या. निजामाच्या मुलखातील या मागासलेल्या जिल्ह्याची त्यांना आठवण झाली. ज्या भीमेच्या खोऱ्यात केडगाव आहे तीच भीमा आमच्या तालुक्याच्या कडेने वाहते. ते पाणी आमच्यापर्यंत पोहोचले. त्या पत्रातला विचार पोहोचावयास मात्र एवढा काळ का लागावा?

आम्ही बाईंकडे पुन्हा गेलो आणि त्या रविवारी गप्प बसलो याबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अण्णा, माझी कसली क्षमा! मुलांना सांगा." हे उत्तर आम्हांस शिक्षेसारखे वाटले, कारण ते खरे होते. नंतर वडीलमंडळींच्या बैठकीत आम्ही हा विषय मांडला. पुष्कळ बोलणे झाले, थोडा राग झाला, निर्णय झालेला नाही. आक्षेप घेणाऱ्या त्या गृहस्थांनी एवढे मात्र म्हटले, "पुढल्या बैठकीला बाईंनाही बोलवा. त्यांच्याविषयी बोलतो आहोत, तर त्यांच्यासमोर बोलू." आम्हांस वाटते, हीच सुरुवात आहे. चेल्टनहॅमला तीही झाली नव्हती; तेथे रमाबाईंविषयी आधी दूरदूरच्या बिशपांना विचारले गेले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. तुमच्या मोठ्या मुलामुलींच्या वर्गात लोईस, युनीके आणि प्रिस्किल्ला यांचा एक पाठ घ्या. मग मुलांना हे प्रश्न विचारा : तुम्हांला पहिली प्रार्थना कोणी शिकविली? ती आता तुम्ही टाकून दिली काय? देवाने आपल्या मंडळीत कोणाला कोणती देणगी दिली आहे, आणि तिच्यापैकी किती जमिनीत पुरून ठेवली आहे? उत्तरे मुलांना देऊ द्या. आपण ऐकावे.

हे प्रभो, ज्यांच्या तोंडून तुझे वचन आम्ही प्रथम ऐकले त्यांचा मान आम्ही राखावा, आणि तू जे मुख उघडतोस ते आम्ही बंद करू नये, अशी आम्हांस बुद्धी दे. आमेन.